ऑलिव्हचे डबे, खारातले गरे आणि एचएस कोड : मदत हवी आहे

घाऊकवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. माझं पुण्यात हॉटेलं, बेकऱ्या आणि पिझ्झावाल्यांना डबाबंद माल पुरवायचं दुकान आहे. आधी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचो, गेल्या वर्षीपासून स्वतःच कंटेनर मागवतो. माल स्पेनचा, मुख्यतः ऑलिव्ह, त्याबरोबर थोडी हालापेन्यो मिरची आणि तेलातले वाळवलेले टोमॅटो.

पहिल्या दोन खेपांना सप्लायरने इनव्हॉइसवर ऑलिव्हपुढे ०७११ हा एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, त्यावरून ड्यूटी ठरते) लिहिला होता, माझ्या तेव्हाच्या सीएचएने (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट) तोच बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदात, टाकला आणि माल सुटला. तिसऱ्या खेपेला सीएचए बदलला, तो म्हणाला हे २००५ मध्ये जातं, आणि तसंच भरलं. आता पहिल्या दोन खेपांबद्दल कस्टम्सचं पत्र आलंय की ०७११ कसं काय लावलंत, फरक व्याजासकट भरा नाहीतर नोटीस काढू. दोन्ही खेपांची मिळून मालाची किंमत साधारण ₹२० लाख. ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात आहेत आणि मिठाच्या पाण्यात टिकवलेल्या भाज्या ०७११ मध्ये जातात असं वाचलंय, मग चूक काय झाली हेच कळत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा, दोन दिवस झोप नाही.

बंदरावरचा
घाऊकवाला, आधी घाबरू नका. अशी पत्रं रोज निघतात. मी वीस वर्षं हेच काम करतोय. दोन गोष्टी सांगा. डबा उघडून ऑलिव्ह तसेच खाता येतात का? आणि लेबलवर घटक काय काय लिहिलेत?

घाऊकवाला
हो, तसेच खाता येतात, पिझ्झावाले डबा उघडून पाणी काढतात आणि थेट टाकतात. साधारण तीन किलोचे डबे आहेत. हिरव्यात ऑलिव्ह, पाणी, मीठ, लॅक्टिक आम्ल. काळ्यात त्याशिवाय फेरस ग्लुकोनेट.

बंदरावरचा
मग उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. ०७११ चं वाक्य अर्धं वाचून चालत नाही. तात्पुरत्या टिकवलेल्या भाज्या, *पण त्या अवस्थेत लगेच खाण्यायोग्य नसलेल्या*, असं ते पूर्ण वाक्य आहे. तो 'पण' सगळ्यात महत्त्वाचा. माल बंदरापर्यंत आणि पुढे कारखान्यापर्यंत सडू नये एवढ्यापुरतं मीठ घातलेलं असतं, बहुतेक पिंपांत भरलेला असतो, आणि कारखान्यात गेल्यावर त्याचं खरं अन्न बनतं. तुमचा माल तर थेट ताटात जाणारा. तो २००५ ७०, म्हणजे प्रकरण वीस, तयार केलेल्या भाज्या-फळांचं (कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण).

रत्नांग्रीची_सून
मला कस्टममधलं काही कळत नाही पण हे वाचून एकदम सासरचा माळा डोळ्यांसमोर आला. आमच्याकडे मे महिन्यात कच्च्या फणसाचे गरे मिठात घालून बरणीत भरून ठेवतात, खारातले गरे. पावसाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा काढायचे. पण बरणीतून काढून कुणी तोंडात टाकला तर दिवसभर पाणी पीत बसेल. आधी रात्रभर पाण्यात घालायचे, दोनतीनदा पाणी बदलायचं, खार उतरला की मग भाजी. आणि त्याच माळ्यावर लोणच्याची बरणी, ती काढली की थेट पानात. मिठात दोन्ही आहेत. तुमचं ०७११ म्हणजे आमचे खारातले गरे आणि २० वं प्रकरण म्हणजे लोणच्याची बरणी, असंच ना?

बंदरावरचा
ताई, दंडवत! नव्या पोरांना शिकवताना मला अर्धा तास लागतो, तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

ऑलिव्हच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट आहे, कारण झाडावरचा ऑलिव्ह कडूजहर असतो. त्यातलं ओल्युरोपीन नावाचं द्रव्य घालवायला तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवतात किंवा महिनोन्महिने खारात मुरवतात. हा कडूपणा गेला की ऑलिव्ह खाण्याजोगा झाला, आणि मग तो नुसता 'टिकवलेला' राहिला नाही, 'तयार केलेला' झाला. एचएसच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत ऑलिव्हचं हे उदाहरण दिलेलंच आहे. काळ्या ऑलिव्हमधलं फेरस ग्लुकोनेट रंग पक्का करायला असतं, म्हणजे त्याच्यावर आणखी एक प्रक्रिया. कस्टम्समध्ये ड्यूटी ठरवणाऱ्या असेसिंग ऑफिसरने लेबल वाचलं तरी पुरे.

शंका_आहे
मला एक कळलं नाही. मी आत्ता टॅरिफ उघडून बघितलं, ०७११ ला पण मूळ ड्यूटी ३० टक्के आणि २००५ ला पण ३०. मग सरकारचं नुकसान कुठे झालं? उगाच छळ वाटतो हा.

आकडेमोड
@शंका_आहे, छळ नाही, फरक आयजीएसटीत, म्हणजे आयातीवर ड्यूटीशिवाय लागणाऱ्या जीएसटीत होता. ०७११ ला ५ टक्के आणि २००५ ला १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून २००५ पण ५ वर आलं, त्यामुळे आज पाहिलं तर दोन्ही सारखे दिसतात. पण घाऊकवाल्यांच्या दोन खेपा त्याआधीच्या असणार.

हिशेब मांडून दाखवते. मालाची किंमत २०,००,०००. मूळ ड्यूटी ३० टक्के म्हणजे ६,००,०००. त्या ड्यूटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार ६०,०००. बेरीज २६,६०,०००. यावर ५ टक्क्यांनी १,३३,००० होतात आणि १२ टक्क्यांनी ३,१९,२००. फरक १,८६,२००. वर वर्षाला १५ टक्के व्याज.

आता काय करायचं ते. नोटीस निघायच्या आधी फरक आणि व्याज भरून तसं लेखी कळवलंत तर कस्टम्स कायद्याच्या कलम २८ मध्ये विषय तिथेच मिटवायची सोय आहे, दंड लागत नाही. आणि तुम्ही जीएसटीत रेग्युलर असाल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं (तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होते), म्हणजे १,८६,२०० चा भार शेवटी तुमच्यावर राहत नाही, जातं ते फक्त व्याज. मात्र नुसत्या चलनावर क्रेडिट घेऊ नका, बिल ऑफ एंट्री पुन्हा असेस करून घ्या.

घाऊकवाला
रेग्युलर आहे. आकडेमोड ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पत्रात आकडा नव्हता म्हणून मी सगळ्या ड्यूटीचा हिशेब धरून बसलो होतो, घरी कुणाला बोललोही नाही.

एक राहिलं. सप्लायरने कोड लिहून दिला होता, मग जबाबदारी त्याची नाही का?

बंदरावरचा
नाही. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे, कलम १७. इम्पोर्टर स्वतः वर्गीकरण जाहीर करतो. सप्लायरचा कोड ही फक्त माहिती. त्याच्या देशात त्याने पिंपातल्या मालाचा कोड सवयीने डब्यांच्या मालाला लावला असेल, त्याचं काही अडत नाही, तो निर्यात करतोय.

विलंबित_ताल
मी थोडं वेगळं मत मांडतो. इतक्या पटकन भरून टाकू नका. माझ्या मेहुण्याने असंच घाबरून भरलं आणि पुढे त्याला प्रत्येक खेपेला सॅम्पल, प्रत्येक खेपेला क्वेरी. कोड चुकला असेल पण वर्णन 'ऑलिव्ह इन ब्राइन' खरंच होतं ना? लपवलं काहीच नाही. मग लढायला काय हरकत आहे?

आकडेमोड
@विलंबित_ताल, तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. वर्णन खरं दिलं होतं, लेबल लपवलं नव्हतं, हे उत्तरात ठळक लिहिलंच पाहिजे. कारण साधी चूक असेल तर मागे दोन वर्षंच जाता येतं, आणि माहिती दडवली असं ठरलं तर पाच वर्षं आणि वर दंड. त्यामुळे पैसे भरा, पण 'दडवलं' हा शब्द कुठेही स्वीकारू नका. उरलेला अर्धा मुद्दा, की २००५ च नाही म्हणून लढायचं, तिथे मात्र हातात काही नाही. डबा उघडून ऑलिव्ह खाऊन दाखवला की केस संपली.

विलंबित_ताल
हे पटलं. माघार.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. विषय जिव्हाळ्याचा आहे, मी इथे भारतीय वाणसामानाच्या आयातीत काम करतो. भाजी म्हणजे काय यावर इथे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलेलं आहे. १८८३ च्या टॅरिफ कायद्यात भाज्यांवर १० टक्के ड्यूटी होती आणि फळं माफ. निक्स नावाच्या व्यापाऱ्याने १८८६ मध्ये वेस्ट इंडीजहून टोमॅटो आणले, न्यूयॉर्क बंदराचा कलेक्टर हेडन याने भाजी म्हणून ड्यूटी घेतली. निक्स म्हणाला वनस्पतिशास्त्राप्रमाणे हे फळ आहे, पैसे परत द्या. १८९३ मध्ये कोर्टाने सांगितलं की शास्त्रात फळ असेल, पण लोक ते जेवणात भाजीसारखं खातात, शेवटी गोड म्हणून नाही, तेव्हा भाजीच.

इथली एक चांगली सोय म्हणजे कस्टम्सने दिलेले बरेच जुने रूलिंग, म्हणजे कुठल्या मालाला कुठला कोड याचे लेखी निर्णय, क्रॉस नावाच्या साइटवर फुकट शोधता येतात. भारतातून येणाऱ्या तयार भाज्यांच्या पाकिटांवर कितीतरी आहेत. अशा पत्रांत बहुतेकदा घटक टक्केवारीसह, प्रक्रिया काय, पॅकिंग काय, आणि मग कोड. ते भारतात बंधनकारक नाहीत, पण पहिले सहा आकडे जगभर सारखे असल्यामुळे विचार कसा करतात ते कळतं.

अकोलेकर
एडिसनकर, अमेरिकेच्या टोमॅटोची गोष्ट सगळे सांगतात, आमच्या अकोल्याच्या पानाची कोणी सांगत नाही! सी.पी. अँड बेरार विक्रीकर कायद्यात भाज्यांना सूट होती. अकोल्याचे पानाचे व्यापारी म्हणाले, विड्याचं पान हिरवं, वेलीवर येतं, तेव्हा ती भाजी, कर कशाला? प्रकरण थेट दिल्लीत गेलं आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाजी म्हणजे लोक ज्याला भाजी म्हणतात ती, परसात पिकणारी आणि जेवणात वापरली जाणारी. पान त्यात बसत नाही. आमचे आजोबा पानाच्या धंद्यातले, त्यांच्याकडून ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे.

पुढे मग हिरवी मिरची भाजीत बसली, आणि १९७७ मध्ये ओलं आलंही भाजीच ठरलं. सगळे निकाल 'बाजारात लोक काय म्हणतात' यावर.

बंदरावरचा
अकोलेकर, सुंदर माहिती. पण घाऊकवाल्यांसाठी एक सावधगिरी. ते विक्रीकराचे निकाल. कस्टम्समध्ये हेडिंगचे (चार आकडी कोडपुढच्या वर्णनाचे) शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स आधी, बाजारभाषा त्यानंतर. आता आल्याचंच बघा, विक्रीकरात भाजी, टॅरिफमध्ये ०९१०, म्हणजे मसाला. आणि सातव्या प्रकरणाच्या नोटमध्ये मशरूम, ऑलिव्ह, केपर, भोपळा, वांगं, स्वीटकॉर्न, सगळी कॅप्सिकम कुळातली मिरची भाज्यांत धरायची असं लिहूनच ठेवलंय. मिरची वाळवली किंवा कुटली की ती उठून ०९०४ मध्ये मसाल्यात जाते.

पोहे_विथ_चहा
म्हणजे मिरची ओली असेपर्यंत भाजी आणि वाळली की मसाला. आमची आजीसुद्धा हेच म्हणायची, तिला हे एचएस कोड ठरवणाऱ्यांकडे ब्रुसेल्सला पाठवायला हवं होतं 😄

लोणचेवाली
अवांतर: वरती ताईंनी लोणच्याची बरणी २० व्या प्रकरणात ठेवली ते वाचून मनात आलं. मी घरगुती लोणची करते, हल्ली दुबई आणि लंडनला थोडी पाठवते. मला एकाने सांगितलं लोणचं म्हणजे २००१, डोळे मिटून लिहा. पण २००१ मध्ये तर 'व्हिनेगर किंवा ॲसेटिक आम्लाने' असं आहे. माझ्या लोणच्यात व्हिनेगरचा थेंब नाही. मीठ, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, तेल. बस.

एडिसनकर
लोणचेवाली ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. व्हिनेगर नसेल तर २००१ च्या शब्दांत बसत नाही. मग कैरीचं आणि लिंबाचं लोणचं फळ म्हणून २००८ कडे जातं, आणि गाजर-फ्लॉवरचं भाजी म्हणून २००५ कडे. युरोपात तर आकडासुद्धा ठरवलेला आहे, २००१ साठी ॲसेटिक आम्लाच्या हिशेबाने किमान ०.५ टक्के मुक्त बाष्पनशील आम्ल पाहिजे. लोक 'पिकल' हा शब्द बघून २००१ लिहितात, पण बरणीवरचं नाव बघू नका, बरणीत काय आहे ते बघा. हाच धडा ऑलिव्हचा.

लोणचेवाली
म्हणजे इतके दिवस माझं कैरीचं लोणचं चुकीच्या घरात राहत होतं. उद्याच एजंटला फोन करते.

किमची_आवडते
मग किमची? तीही आंबवलेली, व्हिनेगर नाही.

बंदरावरचा
२००५ ९९. जर्मन लोकांची आंबवलेली कोबी पण तिथेच. आंबवताना जे आम्ल आपोआप तयार होतं ते मुख्यतः लॅक्टिक, आणि वरून व्हिनेगर घातलेलं नाही.

पोहे_विथ_चहा
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मीठवाले की कॅरॅमलवाले ते विचारू नका, डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने त्याचा पण वेगवेगळा दर सांगितला होता.

घाऊकवाला
मंडळी, धागा छान रंगलाय, पण माझ्या बाकीच्या मालाकडे पण जरा बघा ना. (१) हालापेन्यो काप, घटक : मिरची, पाणी, मीठ, व्हिनेगर. दुसऱ्या एका कंपनीच्या डब्यावर व्हिनेगरऐवजी सायट्रिक आम्ल आहे. (२) वाळवलेले टोमॅटो सूर्यफुलाच्या तेलात, थोडी ओवापत्तीसारखी वाळलेली पानं आणि लसूण. (३) पुढच्या खेपेला फ्रोझन ग्रिल केलेल्या भाज्या आणायच्या आहेत, ढोबळी मिरची, झुकिनी, वांगं. सप्लायर म्हणतो ०७१०.

खाद्यशास्त्र
(१) बद्दल मी सांगतो, फूड टेक्नॉलॉजीतला आहे. डब्यातल्या भाजीचा पीएच ४.६ च्या खाली ठेवला की बोट्युलिझमच्या जंतूची वाढ होत नाही, मग निर्जंतुक करायला कमी उष्णता पुरते आणि मिरचीचा कुरकुरीतपणा राहतो. हे काम व्हिनेगरने करा किंवा सायट्रिक आम्लाने, दोन्ही चालतं. पण टॅरिफला फरक पडतो. व्हिनेगरवाली २००१, सायट्रिकवाली २००५, कारण सायट्रिक म्हणजे ॲसेटिक नव्हे. एकाच फळीवरचे दोन डबे, दिसायला जुळे भाऊ, कोड वेगळे.

बंदरावरचा
+१. फक्त एक भर. व्हिनेगर अगदी चवीपुरतं असेल तर वाद होऊ शकतो, कारण आपल्या टॅरिफमध्ये युरोपासारखा टक्क्यांचा आकडा छापलेला नाही. सप्लायरकडून आम्लाचं प्रमाण लेखी मागवून ठेवा.

(२) टोमॅटोला स्वतंत्र हेडिंग आहे, २००२. नुसते वाळवलेले, कोरडे पाकीट असतं तर ०७१२. तेलात घातले, लसूण-पानं घातली की ते सातव्या प्रकरणाच्या बाहेर पडले. हाच टोमॅटो आणखी पुढे जाऊन केचप झाला की २१०३.

(३) इथे सप्लायर पुन्हा चुकतोय. ०७१० मध्ये फक्त कच्च्या, किंवा वाफवलेल्या, किंवा पाण्यात उकडलेल्या भाज्या, मग गोठवलेल्या. मीठ लावलं तरी चालतं. पण ग्रिल केलं, भाजलं, तळलं की सातवं प्रकरण सोडायचं आणि २००४ मध्ये यायचं. फ्रोझन मटार ०७१०, फ्रोझन फ्रेंच फ्राइज २००४ १०, तो फरक यामुळेच.

शंका_आहे
म्हणजे वांगं उकडलं तर सात आणि भरतासाठी भाजलं तर वीस?

बंदरावरचा
गोठवलेलं असेल तर अगदी तसंच. आणि भरतात वीस टक्क्यांपेक्षा जास्त सुकट घातली तर वीस पण सोडा, ते सोळाव्या प्रकरणात गेलं.

रत्नांग्रीची_सून
सुकट घातलेलं वांगं! आता भूक लागली.

डबलिनची_पाऊलवाट
मी आयर्लंडमध्ये असते. इथे २०१२ मध्ये एका मोठ्या भाजी-व्यापाऱ्याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती, कारण चीनहून आलेला लसूण सफरचंद म्हणून दाखवला. लसणावर ड्यूटी २३२ टक्क्यांपर्यंत आणि सफरचंदावर ९. बुडवलेली ड्यूटी १६ लाख युरो. नंतर अपिलात शिक्षा दोन वर्षांवर आली. घाऊकवाल्यांचं प्रकरण तसं अजिबात नाही, त्यांची प्रामाणिक चूक आहे, पण कागदावरचा एक शब्द किती महाग पडू शकतो म्हणून सांगितलं.

विलंबित_ताल
एक प्रश्न. खात्री नसेल तर सरळ जास्त ड्यूटीचा कोड भरावा आणि नंतर रिफंड मागावा, हे चालेल का?

आकडेमोड
अजिबात करू नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की सेल्फ असेसमेंट असली तरी ती आधी अपिलात किंवा रीतसर दुरुस्तीने बदलून घ्यावी लागते, नुसता रिफंडचा अर्ज चालत नाही. शंका असेल तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट, म्हणजे तात्पुरती आकारणी, मागा. नाहीतर माल मागवायच्या आधीच ॲडव्हान्स रूलिंगचा (कोड कोणता ते आधीच अधिकृतपणे ठरवून घेण्याचा) अर्ज करा, त्याचं एक प्राधिकरण मुंबईतच आहे, फी ₹१०,०००. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. फ्रोझन भाज्या नेहमी आणणार असाल तर घाऊकवाला, हे खरंच करा. तो निर्णय अर्ज करणाऱ्यापुरताच असतो, पण तुम्हाला तेवढाच हवाय.

आणि थायलंडसारख्या, भारताशी व्यापार करार असलेल्या देशातून माल आणणाऱ्यांनी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरचा (माल कुठल्या देशाचा त्याच्या दाखल्यावरचा) कोड नीट बघा. त्यावर एक आणि बिल ऑफ एंट्रीत दुसरा असेल तर ड्यूटीतली सवलत अडकते.

घाऊकवाला
तीन आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल क्षमस्व. सप्लायरकडून पत्र मागवलं, त्यात कडूपणा कसा काढतात, किती दिवस खारात ठेवतात, डबा कोणत्या तापमानाला निर्जंतुक करतात, सगळं लेखी आलं. तेच जोडून उत्तर दिलं, वर्णन आणि लेबल पहिल्यापासून खरं होतं हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. फरक आणि व्याज भरलं. नोटीस निघाली नाही. बिल ऑफ एंट्रीच्या री-असेसमेंटचा अर्ज दिलाय, ते काम चालू आहे.

आता प्रत्येक नवीन मालासाठी ऑर्डरच्या आधी तीन कागद मागतो : घटक टक्क्यांसह, प्रक्रिया पायरीपायरीने, आणि लेबलचा फोटो. सप्लायर सुरुवातीला कुरकुरला, आता देतो. ग्रिल केलेल्या भाज्यांचा ॲडव्हान्स रूलिंगचा अर्ज तयार होतोय.

आणि एक शेवटचा प्रश्न, हसू नका. एका व्हीगन कॅफेवाल्याला डबाबंद कोवळा फणस हवाय, थायलंडचा, मिठाच्या पाण्यात. तो कुठे बसेल? भाजी म्हणून २००५?

बंदरावरचा
आपण भाजी करतो, पण टॅरिफमध्ये फणस हे फळ. डबाबंद, शिजलेला, खाण्याजोगा, म्हणून २००८.

रत्नांग्रीची_सून
फणस थायलंडहून?? घाऊकवाला, पत्ता कळवा. मे महिन्यात आमच्या आवारात फणस झाडाखाली पडून असतात, हवे तेवढे न्या. खार कसा उतरवायचा ते कॅफेवाल्याला मी फोनवर सांगते.